व्हय म्हाराजा म्हणायचं राहिलं

वहिनी, गाऱ्हाण्याचा नारळ घेताना तो कानाशी धरून हलवून बघायचा असतो, हे मला काल कळलं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. नाक्यावरच्या दुकानदाराने तीन नारळ पुढे केले आणि मी सरळ वरचा उचलला. तो म्हणाला, "अहो, पाणी तरी बघा आत." मग मी त्याच्यासमोर शहाण्यासारखा नारळ हलवला, मान डोलावली आणि पिशवीत टाकला. इतकी वर्षं नारळ तूच आणलेस. माझा संबंध यायचा तो फक्त खोबऱ्याशी.

काल तुझं तेरावं झालं. सुतकात देवाच्या फळीला कोणी हात लावायचा नसतो, म्हणून तुझा रवळनाथ इतके दिवस अंधारातच होता. सकाळी दादा म्हणाला, "आता दिवो लावूक हरकत नाय." म्हणाला, आणि भिंतीला टेकून तसाच बसून राहिला. तो उठणार नाही हे मला माहीत होतं, तुलाही माहीत असतं.

मी थकलोय गं. तुझे तीन आठवडे इस्पितळातले, मग भेटायला येणारी माणसं, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगणं, कावीळ कधी समजली, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी काही बोलली का. शेवटी काय बोललीस ते मी एकालाही सांगितलं नाही. "पाणी मागितलं," एवढंच सांगत राहिलो. ते खोटं आहे. तू पाणी मागितलं नव्हतंस. मी दिलं होतं, आणि का दिलं ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. तेच लिहायला बसलोय. आज तरी तू मध्येच "भावजीनू, पयले जेवन घेवा" म्हणून मला उठवणार नाहीस. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा तू या घरात आलीस, माझ्या नाकाला शेंबूड असायचा तेव्हापासून मला अहोजाहो केलंस, आणि मी तुला शेवटपर्यंत अगंतुगं करत राहिलो.

आपलं भांडण जुनं होतं, आणि ते दादाच्या गाऱ्हाण्यावरून सुरू झालं. वरळीच्या आपल्या चाळीत तेव्हा मालवणी मुलखातल्या माणसांचं काहीही असलं, की दादाला बोलावणं यायचं. गणपती असो, शिमगा असो, कोणाची आई गावाला आजारी असो, हातात नारळ घेऊन दादा देवापुढे उभा राहायचा आणि गावच्या खोताशी बोलावं तसा देवाशी सरळ आपल्या भाषेत बोलायचा. "बा देवा रवळनाथा, ही तुझी लेकरा परमुलखात पोट भरूक इली आसत. ज्येचा काम सुटला आसात त्येका काम दी. ज्येच्या घरात दुखणा आसात, ता दूर कर." तो थांबला की मागे उभी असलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" ते व्हय आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. आणि ऐकणाऱ्याने बसायचं नाही, उभंच राहायचं, मग तो ऐंशी वर्षांचा म्हातारा का असेना. दादाचा आवाज तीन मजल्यांना पुरायचा.

मी उभा राहायचो, पण तोंड उघडायचो नाही. गिरणीच्या दारातल्या सभा ऐकून ऐकून मला अक्कल आली होती. देवाला 'महाराज' म्हणायचं, मालकाला 'साहेब' म्हणायचं, ही सगळी एकाच माळेतली, असं मी साचेखात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या दोस्तांना ऐटीत सांगायचो. तू एकदा मागे वळून माझे मिटलेले ओठ पाहिलेस आणि नंतर म्हणालीस, "भावजीनू, दात दुखतत काय?" सगळे हसले. मी चिडलो. खरं सांगतो, तेव्हा मला आवडलंही होतं की तुझं लक्ष होतं.

मग तो मोर्चा आला, तीन वर्षांपूर्वीचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला दादा तोवर एकदाही गेला नव्हता. त्याला राज्य नको होतं असं नाही, पण कामाची पाळी सोडून रस्त्यावर उतरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मी महिनाभर त्याच्या मागे लागलो. "गाऱ्हाणी घालून राज्य गावणार नाय, दादा. एक दिवस मोर्चाक ये." तू चुलीशी बसून ऐकत होतीस. त्या दिवशी दादा गेला, आणि मला ऐनवेळी खात्यातून सुटता आलं नाही. ज्याने बोलावलं तो साच्यांवर उभा आणि ज्याला बोलावलं तो फोर्टात, असं झालं. संध्याकाळी बातमी आली की लाठ्या चालल्या, पळापळ झाली, कोण कुठे गेला पत्ता नाही. दादा घरी आला नाही.

त्यानंतर आपण दोघं चौक्या फिरलो, इस्पितळं फिरलो, आणि एका इस्पितळाच्या मागच्या बाजूला त्या थंड खोलीच्या दाराशीही उभे राहिलो. मी आत जाऊन चेहरे बघून आलो आणि "नाय" म्हणालो, तेव्हा तू तिथल्या पायरीवर बसलीस आणि पदराने स्वतःचं नाही, माझं तोंड पुसलंस. चौकीत तू नाव सांगायला लागलीस की समोरचा माणूस अर्ध्यावर "हां हां, पुढे चला" म्हणायचा. तू पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायचीस. एकदाही तू मला म्हणाली नाहीस की तुमीच धाडलात त्येंका. म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. मी तयारी करून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू अंघोळ करून आलीस, ओला नारळ माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, "ह्ये नाय आसत. घरातलो पुरुष आता तुमी. घाला गाऱ्हाणा."

मी म्हणालो, "माका ह्या जमाचा नाय, वैनी. माझो इस्वास नाय."

विश्वास वगैरे काही नव्हतं त्यात. मला भीती वाटत होती की तोंड उघडलं तर "मी धाडलंय त्येका" एवढंच बाहेर पडेल. पण तुला तर मी विश्वासाचंच कारण दिलं, आणि वर जरा ताठ मानेने दिलं. त्याची लाज मला आज वाटते. बाईने गाऱ्हाणं घातलेलं आपण दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. तू फळीपुढे उभी राहिलीस, नारळ छातीशी धरलास आणि शाळेत धडा म्हणणाऱ्या मुलीच्या आवाजात सुरुवात केलीस. "देवा म्हाराजा, माका बोलूक येणा नाय. घरातलो बोलणारो माणूस तीन दिवस झाले घराक नाय. खंय आसा ता तुका ठावक. त्येंका परत येवंदे. गेले त्या वाटेन परत घराक येवंदे."

आणि थांबलीस.

खोलीत मी एकटा होतो. ते व्हय माझं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तू वाट बघितलीस, पाठमोरीच, पण तुझ्या खांद्यांवरून मला कळत होतं की तू वाट बघतेयस. किती वेळ गेला कोण जाणे. मग दारातून आवाज आला, "व्हय."

समोरच्या खोलीतल्या शेवंताबाई होत्या. हातात पाण्याची कळशी तशीच. त्यांनी बौद्ध दीक्षा घेतल्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. घरातले सगळे देव त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवले होते, आणि कोणकोणत्या देवळांच्या पायऱ्यांवरून हाकललं गेल्यावर ते उतरवले होते हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. तू वळून बघितलंस तशा त्या म्हणाल्या, "तुझ्या देवाला न्हाई गं सुभद्रे, त्याला मी सोडलं. ह्ये तुला म्हनते. तू बोल म्होरं."

तू बोललीस पुढे. ज्या बाईला नाही म्हणायचा पुरा हक्क होता तिने वाट काढली, आणि माझ्याकडे फक्त ऐट होती तर मी खिडकीबाहेर बघत होतो.

नवव्या दिवशी तुरुंगातून सुटलेला एक गिरणी कामगार निरोप घेऊन आला, की दादा जिवंत आहे, मुंबईबाहेरच्या तुरुंगात आहे. तू जमिनीवर बसून हसायला लागलीस आणि तुला हसू आवरेना. दोन महिन्यांनी दादा परत आला. पळापळीत पडला होता, हातावरून माणसं गेली होती, आणि उजवा हात कोपरातून वाकडा जुळला होता. ज्या हाताने गिरणीत सटासट मागाचे धोटे बदलायचा त्या हाताने आता त्याला घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता. साचा सुटला. कॉटन ग्रीनला एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालं. आणि दादाने गाऱ्हाणं घालणं बंद केलं. बोलावायला आलेल्यांना तो म्हणायचा, "नारळ धरूक हात नाय माका." सणाला घरात तू गाऱ्हाणं घालायचीस, शेवंताबाई दारातून "व्हय गं" म्हणायच्या, दादा भिंतीशी बसून राहायचा. गाऱ्हाण्याला न उठणारा असा माणूस चाळीने आधी पाहिला नव्हता.

मी तर संधीच शोधत होतो. एक दिवस जेवताना म्हणालो, "वैनी, तुझ्या देवान माणूस दिल्यान, पण मोडून दिल्यान."

तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "माझाच चुकला. मी 'परत येवंदे' म्हटलंय. 'धड येवंदे' म्हणूक इसारलंय. जेवढा मागलंय तेवढा त्येना दिल्यान. त्येचो काय दोष?"

मला इतका राग आला की मी ताट सरकवलं. ज्या देवाला सांगावं लागतं की बाबा रे, माणूस मोडू नकोस, तो देव कसला, असं मी ओरडलो. दादा शेजारी डाव्या हाताने भात कालवत होता, त्याने मान वर केली नाही. तू शांतपणे म्हणालीस, "तुमका मीठ किती लागता ता माका ठावक आसा. तरी तुमी 'वैनी, मीठ कमी' म्हणतासच मा? घरच्या माणसाकच सांगतत." आणि मग, तव्यावरची भाकरी उलटत, "चौकीत माझा नाव पुरा आयकान घेवक कोणाक वेळ नव्हतो. हयसर मी उभी रवलंय तर माका कोणी 'फुडे चला' म्हणूक नाय. माका तेवढाच व्हया होता."

मी सरकवलेलं ताट पुन्हा ओढून घेतलं. त्यानंतर तीन वर्षं आपण हेच भांडण वेगवेगळ्या भाज्यांबरोबर जेवलो. तू प्रत्येक गाऱ्हाण्यात आता 'धड' शब्द घालायला लागलीस, इतक्या वेळा की मी चिडवायचो, "वैनी, देवाक पाठ झाला आसतला." तू म्हणायचीस, "होवंदे."

अंगावर आजार काढलास, तो मात्र देवालाही सांगितला नसशील. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा "हळदीचो हात लागलो आसतलो" म्हणालीस, आणि आम्ही दोघे पुरुष ते मानून कामावर गेलो. याबद्दल तुझ्यावर रागावू की स्वतःवर, ते अजून ठरत नाही. परळच्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि "उशीर झालाय, बघू" म्हणाले. त्या 'बघू'ला धरून मी तीन आठवडे काढले.

एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. एका दुपारी नर्सने चिठ्ठी दिली. ते इंजेक्शन तीन दुकानांत नव्हतं. चौथं दुकान दुपारचं बंद होतं. मी त्या बंद दुकानाच्या फळीवर बसलो. एप्रिलचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. त्या घडीला मला युनियन आठवली नाही, सभा आठवली नाही. माझं तोंड आपोआप बोलायला लागलं. "वैनी घराक येवंदे. धड येवंदे. मी त्येका धाडलंय, मीच धाडलंय, पण तिका धड येवंदे." मोठ्याने बोलत होतो बहुतेक. कोणाशी, ते विचारू नकोस. पण मी सगळं सांगेपर्यंत मला कोणी पुढे चला म्हणालं नाही. मग मी उठलो, लालबागपर्यंत चालत गेलो आणि इंजेक्शन आणलं.

मी काही विसरलो नव्हतो, वहिनी. 'धड' म्हणालो होतो, दोनदा. तरी तू आली नाहीस. तुझा हिशेब माझ्या बाबतीत चुकला, आणि हे तुझ्या तोंडावर सांगून तू काय म्हणतेस ते मला ऐकायचं होतं. नक्की काहीतरी म्हणाली असतीस. भाकरी उलटता उलटता म्हणाली असतीस.

राज्य झालं त्या संध्याकाळी खिडकीबाहेर फटाके वाजत होते. तू डोळे उघडून विचारलंस, "ह्यो आवाज कसलो?" मी म्हणालो, "राज्य झाला, वैनी. महाराष्ट्र झालो." तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणालीस, "म्हणजे ह्येंचो हात फुकट नाय गेलो." आणि माझ्याकडे बघितलंस. तीन वर्षांत त्या मोर्चाचं नाव तू माझ्यासमोर पहिल्यांदा काढलंस, तेही मला सोडवायला. मी तेव्हा रडलो असतो तर चाललं असतं. मी उठून खिडकी लावली.

दुसऱ्या सकाळी तू हात जोडलेस. आवाज असा उरलाच नव्हता, मला वाकून ऐकावं लागलं. "देवा म्हाराजा. ह्येंचो हात थंडीत दुखता, तो दुखाक देव नको. भावजींचा लगीन होवंदे, तेंका कोणीतरी जेवूक घालणारा मिळांदे. शेवंताच्या झिलाक काम लागांदे. सगळ्यांका धड ठेव." आणि थांबलीस. डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. मागत नव्हतीस, नुसती जागा ठेवली होतीस, जेवायला उशिरा येणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवायचीस तशी.

माझ्या ओठांवर होतं. शपथेने सांगतो, होतं. पण शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती, वॉर्डबॉय बादली घेऊन जात होता, आणि माझ्या आतला तो सभेतला माणूस मध्ये आला. मी म्हणालो, "वैनी, पाणी देव?"

तू हसलीस. म्हणालीस, "देवा." मी चमच्याने पाणी दिलं. दुपारी तू गेलीस.

तर काल. दिवा मीच लावला, तीन काड्या लागल्या. नारळ घेऊन फळीपुढे उभा राहिलो. दादा मागे भिंतीशी बसला होता. शेवंताबाई तेराव्याची भांडी घासून दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. मला गाऱ्हाणं येत नाही. दादाचे शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत आणि नवे सुचले नाहीत. म्हणून मी तुझंच म्हटलं, इस्पितळातलं, जसंच्या तसं. दादाच्या हाताचं, शेवंताबाईंच्या मुलाचं, माझ्या लग्नाचंही, लाज सोडून. आणि तू थांबली होतीस तिथे थांबून मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

आवाज घोगरा निघाला.

त्या गाऱ्हाण्यात तू सगळ्यांची नावं घेतलीस, वहिनी, आणि एक नाव घेतलं नाहीस. विसरलीस की मुद्दाम, ते तुलाच माहीत. म्हणून मी एक वाक्य माझ्या पदरचं घातलं. "जिना सगळ्यांचा सांगल्यान आणि आपला सांगूक नाय, तिका जंय नेलंस थंय धड ठेव, म्हाराजा." आणि थांबलो. तेव्हा पहिल्यांदा कळलं की गाऱ्हाणं घालून थांबलेल्या माणसाला मागचं माणूस काय बोलतं त्याची किती वाट बघावी लागते.

शेवंताबाई म्हणाल्या, "व्हय गं सुभद्रे."

मागे खुडबुड झाली म्हणून मी वळून बघितलं, तर दादा डावा हात भिंतीला टेकून उठत होता. पुरता उभा राहिला, आणि मी नारळ फोडेपर्यंत उभाच राहिला.